कुठेच न लिहिलेली किल्ली

“आम्ही काहीच बदललं नाही हो, आपोआप बंद पडलं.” हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा ऐकलंय की, फोनवर समोरच्यानं नुसतं ‘आम्ही’ म्हटलं तरी पुढचं मी मनातल्या मनात पुरं करायची. आपोआप काही बंद पडत नाही. कोणीतरी कुठेतरी हात लावलेला असतो आणि तो विसरलेला असतो. तो हात कोणाचा हे शोधणं हा माझा धंदा. मला लहानपणापासून नको तिथे नाक खुपसायची खोड. आई म्हणायची, या इस्तेलला शेजारच्यांच्या चुलीवर काय शिजतंय तेही कळायला हवं. पुढे त्याच खोडीचा मला पगार मिळाला, हे आईला शेवटपर्यंत पटलं नाही.

मी वेबसाइटच्या पाठीमागचे प्रोग्राम दुरुस्त करायची. लोकांना वाटतं, वेबसाइट म्हणजे मोबाइलवर दिसतं ते पान. ते पान म्हणजे हॉटेलातलं पुढचं टेबल. तुम्ही ‘बुकिंग करा’वर बोट ठेवलंत की लांब कुठल्यातरी यंत्रात एक प्रोग्राम जागा होतो, काम करतो आणि उत्तर पाठवतो. तो आतला स्वयंपाकी रुसला की लोक मला बोलवायचे. आधी पणजीतल्या एका कंपनीत आणि नंतर मालवणात घरी बसून मी हेच केलं. आता निवृत्त आहे असं मी म्हणते, फोन करणारे म्हणत नाहीत.

या धंद्यातलं एक दुखणं माझ्या विशेष आवडीचं. प्रोग्रामला काही गोष्टी लागतात, पण त्या त्याच्या आत लिहून ठेवणं शहाणपणाचं नसतं. कुठला तरी गुप्त शब्द, कोणाचा फोन नंबर, कुलपाची किल्ली. म्हणून त्या त्याला सुरू करतानाच हातात द्यायच्या. याला आमच्यात ‘एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल’ म्हणतात. हे नाव उच्चारलं की गिऱ्हाइकांचे डोळे मिटायला लागायचे, म्हणून मी ‘शिदोरी’ म्हणायला लागले. प्रोग्राम घरातून निघतो तेव्हा त्याला जो धाडतो तो शिदोरी बांधून देतो. तुम्ही स्वतः हातानं प्रोग्राम सुरू केलात तर तुमच्याकडचं सगळं त्याच्याबरोबर जातं. वेबसाइटच्या मार्फत सुरू झाला तर ती त्याला मुद्दाम जवळजवळ रिकाम्या हातानं धाडते, सुरक्षेसाठी. त्यामुळे “मी चालवला तर चालतो, साइटवरून चालत नाही” ही तक्रार आमच्याकडे सर्दीपडशासारखी यायची. तारकर्लीच्या एक घरगुती लॉजवाल्या बाई तर मला म्हणाल्या होत्या, “बाय, ह्येका माझ्या हाताचीच सवय लागली, दुसऱ्याच्या हातचा खाना नाय.” निदान अगदी बरोबर होतं. मी बाईंची शिदोरी साइटच्या हातात दिली आणि बुकिंगचे निरोप जायला लागले.

दुसरी गोष्ट लोकांच्या जास्त उशिरा ध्यानात येते. शिदोरी एकदाच बांधली जाते, निघताना. त्यानंतर घरात काय बदललं ते बाहेर गेलेल्याला कळत नाही. नांदगावला एक काजू कारखानदार होते. त्यांचं आणि भावाचं फाटलं. ऑर्डरचे निरोप भावाच्या फोनवर जायचे, म्हणून यांनी रागारागानं सेटिंगच्या फाइलमध्ये स्वतःचा नंबर घातला. तरी निरोप भावालाच जायचे, आणि भाऊ एक शब्द न बोलता ऑर्डरी पुऱ्या करायचा! कारखानदारांनी मला फोन केला तो असा: “यंत्रान फितुरी केल्यान. भावान तेका फोडल्यान.” यंत्रानं काही केलं नव्हतं. चालू प्रोग्राम जुनी शिदोरी घेऊन फिरत होता, त्याला कोणी बंद करून पुन्हा सुरू केलंच नव्हतं. मी केलं. निरोप यांच्याकडे यायला लागले, आणि त्याच संध्याकाळी भावाचा फोन आला, “काय रे, धंदो बंद केलंस काय?” कित्येक दिवसांनी दोघं बोलले. माझ्या कामातून कोणाची भांडणं मिटलेली तेवढीच, म्हणून ती गोष्ट लक्षात आहे. आणि दुसऱ्या एका कारणानं तिची पुढे आठवण झाली, तेच आता सांगते.

आचऱ्याच्या आसपास मच्छीमारांचं एक गाव आहे. नाव देत नाही, का ते वाचलंत की कळेल. तिथल्या मच्छीमारांच्या छोट्या सोसायटीचे चिटणीस दाजी. अत्यंत सावध माणूस, पाऊस नसताना छत्री उघडून भोकं तपासणारा. गेल्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला.

“इस्तेलबाय, हयसर उलटोच आजार झालो. मोबायलार सगळा चलता. पण मी हातान दुसरी प्रत चालू करून बघितलंय, तर म्हणता किल्ली नाय. आता यंत्र बंद केला आणि परत उठलाच नाय तर?”

मी खुर्चीत सरळ बसले. जन्मभर ऐकत आले ते ‘हातानं चालतं, साइटवरून चालत नाही’. इथे साइटवरून चालत होतं आणि हातानं चालत नव्हतं. असा आजार मी पाहिलाच नव्हता. पण दाजींना आधी विचारलं, बंद कशाला करताय? तर म्हणाले, “कौल झालो बाय. गावपळण.”

आमच्या भागातल्या काही गावांत ही चाल आहे. काही वर्षांनी देवाचा कौल होतो आणि सगळं गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतं. गुरं, कुत्री, कोंबड्या, तान्ही पोरं, आजारी म्हातारे, सगळे. हिंदू, मुसलमान, आमचे क्रिस्तांव, कोणी मागे राहत नाही. वेशीबाहेर माडाच्या झापांच्या खोप्या उभ्या राहतात, तिथेच चुली, तिथेच गाणीबजावणी. एकदा बाहेर पडलं की विसरलेली वस्तू आणायलासुद्धा आत जायचं नाही. गाव तेवढे दिवस देवाचं.

दुसऱ्या दिवशी सकाळची एस.टी. पकडून मी गेले. सोसायटीच्या खोलीसमोर मंडळी जमली होती आणि वाद यंत्राचाच चालला होता. काहींचं म्हणणं, यंत्र म्हणजे पेटी, ती राहिली घरात तर काय बिघडलं? सावळो तांडेल म्हणून एक वयस्क नाखवा होते, त्यांना ते पटेना.

“ता रातचा जागा रवता,” ते म्हणाले. “वारो घेता, गरम जाता, इचारला तर जबाब देता. मगे ता जिवंत नाय तर काय?”

“मगे कोंबड्यांवांगडा भायर न्हेवया तेका,” कोणीतरी म्हणालं. सगळे हसले, पण निर्णय तोच झाला. चालू ठेवायचं नाही. बंद करायचं आणि गाव परतलं की सुरू करायचं. चालत्या स्थितीत टेम्पोत घालून न्यायचा मार्गही दाजींनी तपासला होता. यंत्राखालची बॅटरी जुनी, भिंतीतला प्लग काढला की मान टाकायची. इन्व्हर्टर भिंतीला बसवलेला. त्याच इन्व्हर्टरच्या कृपेनं ते यंत्र बसवल्यापासून एकदाही बंद पडलं नव्हतं, आणि घोळ नेमका तिथेच होता. दुपारी नगारा वाजला की सगळ्यांनी निघायचं होतं.

यंत्रात होतं काय, ते सांगायला हवं. समुद्रात पाट्या नसतात. आमचे मच्छीमार किनाऱ्यावरच्या खुणांनी जागा ओळखतात. अमुक देवळाचा कळस तमुक डोंगराच्या खाचेत बसला आणि दुसरीकडे दोन माड एकावर एक आले, की खाली खडप, म्हणजे पाण्यातला खडक, आहे. तिथे मासा आहे, पण जाळं असं टाकलं तर फाटेल, तसं टाकलं तर भरेल. आता प्रत्येक होडीवर जीपीएस आहे, पण ते जागा सांगतं, तिचा स्वभाव सांगत नाही. या खुणा घराण्याच्या असतात. जावयाला सांगत नाहीत. एकाची खूण दुसऱ्यानं विचारायची नाही, चुकून कानावर पडायला लागली तर उठून जायचं, ही तिथली रीत. त्यामुळे म्हातारे गेले की खुणा त्यांच्याबरोबर जायच्या. म्हणून पास्कूनं तो प्रोग्राम केला होता. पास्कू माझ्या हाताखाली शिकलेला, त्याच गावचा, पुढे इंग्लंडला गेला. प्रत्येक तांडेलानं, म्हणजे होडीच्या प्रमुखानं, आपल्या आवाजात खुणा सांगायच्या, त्या कुलूपबंद होऊन यंत्रात राहायच्या, आणि फक्त त्याच्या घरच्या मोबाइलवर उघडायच्या. कल्पना सुरेख होती. मी पास्कूला तसं तेव्हाच म्हटलं होतं, पण कुलपाचं कसं काय केलंस ते मात्र विचारलं नव्हतं. माझ्यासारखीनं विचारलं नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

दाजींनी यंत्राचा मुख्य पासवर्ड दिला आणि मी शोधायला बसले. जिथे जिथे माणसं शिदोरी ठेवतात त्या सगळ्या जागा मी पाहिल्या. सेटिंगच्या फाइली, यंत्र सुरू होताना वाचली जाणारी पानं, पास्कूच्या खात्यातल्या टिपणांच्या जागा. किल्ली कुठेच नव्हती. आणि मोबाइलवर कुलपं मजेत उघडत होती. म्हणजे साइटवरच्या प्रोग्रामकडे किल्ली होती, पण ती त्याला कोणी दिली याचा घरात मागमूस नव्हता. खरं सांगते, मला घाम फुटायला हवा होता, पण मला मजा वाटत होती.

ती मजा उतरवली सुलभानं. सुलभा तांडेल, मासे विकते, आवाज बाजारभर ऐकू जाईल असा. ती दाराची चौकट धरून उभी होती. तिचे वडील बाबू तांडेल, त्या गावातले सगळ्यात मानाचे. त्याच्या वर्षभर आधी त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. समजतं सगळं, पण तोंडातून येतो एकच शब्द, ‘चल’. भूक लागली तरी ‘चल’, रागावले तरी ‘चल’.

“बाय, ता परत उठतला मां?” तिनं विचारलं. मी ‘बघूया’ असं काहीतरी पुटपुटले. ती आत आली आणि माझ्या शेजारी बसली. “माझो भाव होडयेर जाता. खडप खंय, जाळा खंय घालूचा, ता सगळा बाबांच्या आवाजात हेच्यात आसा. तो जाळ्यासाठी आयकता. मी नुसता आयकूक आयकतंय. घरात आता ‘चल’ सोडून काय आयकाक गावना नाय गो.”

मग मी पास्कूला फोन लावला. तिकडे पहाट असणार, पण उचलला. मी सगळं सांगितलं. तो आधी हसला.

“आंटी, ती किल्ली तुका खंयच गावची नाय. मी ती लिवकच नाय.”

“मगे सांग काय ती.”

“माका म्हायतच नाय! तांडेलांची अट होती, करणाऱ्याकय कळता नये. सगळ्यांनी मिळान बाबूचा नाव घेतला. मी बटणांर मराठी अक्षरा चिकटवलंय, बाबूक यंत्रापुढे बसवलंय आणि भायर जावन माडाकडे तोंड करून उभो रवलंय. तेणां एका बोटान टायप केल्यान. अर्धो तास लागलो असतलो. मगे तेच्याच हातान प्रोग्राम चालू केलो.”

“आणि बंद पडलो तर?”

“तर बाबूक बोलवायचो, तो परत टायप करतलो,” पास्कू म्हणाला, आणि मग त्याचा आवाज बारीक झाला. “तेवा बाबू धडधाकट होतो, आंटी.”

किल्लीशिवाय ते आवाज उघडण्याचा काही मार्ग आहे का, हे मी विचारलं नाही. त्याला मीच शिकवलं होतं की कुलूप करायचं तर खरं करायचं.

आता उलटा आजार मला कळला. ती शिदोरी कुठल्याच फाइलीत नव्हती. एका माणसानं ती स्वतःच्या हातानं, त्या एकाच प्रोग्रामला, निघताना एकदाच बांधून दिली होती. दाजींनी हातानं सुरू केलेली दुसरी प्रत दाजींच्या हातची होती, तिला किल्ली मिळणार कुठून? किल्ली जगात दोनच ठिकाणी होती. एक त्या चालू प्रोग्रामकडे, आणि दुसरी बाबूंच्या डोक्यात.

बाबूंना खुर्चीतून आणलं. सुलभा त्यांच्यापुढे जमिनीवर बसली. “बाबानू, ती किल्ली. तुमी टायप केलास ती. काय होती?”

बाबूंचे डोळे लखलखले. “चल,” ते म्हणाले. मग जोरात, “चल, चल!” त्यांचं डावं बोट हवेत काहीतरी टिपायला लागलं. त्यांना माहीत होतं, यात शंकाच नव्हती. आम्ही कीबोर्ड पुढे केला. बोट अक्षरांवर फिरत राहिलं, एका अक्षरावर थांबलं, उचललं, परत फिरलं. मग त्यांनी कीबोर्ड हातानं लोटून दिला आणि तोंड फिरवलं. सुलभानं पदरानं त्यांचे डोळे पुसले.

“बोटाक म्हायत आसा बाय,” ती म्हणाली, “पण वाट गावना नाय.”

बाहेर टेम्पो भरले जात होते. कोणी कोंबड्यांचे पाय बांधत होतं, कोणी दाराला कडी घालत होतं. दाजी माझ्याकडे बघायचे, मग घड्याळाकडे. मला वाईट वाटत होतं आणि रागही येत होता, कोणाचा ते कळत नव्हतं. आणि तेव्हा मला नांदगावचा तो कारखानदार आठवला. “यंत्रान फितुरी केल्यान!” घरातलं सगळं बदललं होतं, तरी चालू प्रोग्राम जुना नंबर हातात धरून फिरत होता. म्हणजे चालू आहे तोवर त्याच्या हातात ती वस्तू असते. मग त्याचीच मूठ उघडून बघायची!

हे करता येतं. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला निघताना काय दिलं होतं, ते यंत्राच्या एका कोपऱ्यात वाचता येतं. मुख्य पासवर्ड असणाऱ्यालाच, आणि प्रोग्राम जिवंत असेपर्यंतच. यंत्र बंद केलं की तो कोपराही जातो. प्रोग्राम करणाऱ्यानं मुद्दाम पुसलं असेल तर काही मिळत नाही, पण पास्कू आळशी होता, आणि त्या दिवशी मी त्याच्या आळशीपणाचे आभार मानले.

मी दाजींना समजावलं, दाजींनी अंगणात सगळ्या तांडेलांना.  एका कुटुंबाची किल्ली नव्हती ती. एकच किल्ली होती, सगळ्यांच्या खुणांची. जो वाचेल त्याच्या हाती सगळं गाव येणार होतं.

“तुमीच वाचा बाय,” सावळो तांडेल मला म्हणाले. “तुमी मालवणच्या. तुमका खुणा सांगितल्यानी तरी कळाच्यो नाय. आणि तुमी काय जाळा घेवन येवचास नाय.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांनी विश्वासानं म्हटलं होतं, आणि मी जन्मभर ज्याला हपापले होते ते समोर ताट वाढून ठेवलं होतं. कुठेच न लिहिलेला शब्द, वाचायची परवानगी मला. मी ‘बरं’ म्हणणारच होते. पण सुलभा खोलीच्या दाराला टेकून उभी होती, आणि तिच्याकडे बघितल्यावर मला ते जमेना. तो शब्द तिच्या बापानं दिलेला. ‘चल’च्या पलीकडचा त्याचा जो एक शब्द अजून जिवंत होता, तो पहिल्यांदा मी वाचायचा?

“ह्यो शब्द बाबूचो,” मी म्हटलं. “तेच्या घरातच रवांदे. सुलभा वाचतली.”

तांडेल एकमेकांकडे बघायला लागले. सुलभाचा भाऊ होडीवर जाणारा, म्हणजे बाकीच्यांच्या जाळ्यांचा प्रतिस्पर्धी. अडचण खरी होती, आणि ती अडचण सुलभाच्याही तोंडावर दिसत होती. ती म्हणालीसुद्धा, “माका नको.”

शेवटी सावळो तांडेलच बोलले. “इतकी वर्सा बाबूकडे किल्ली होती. तेणां कोणाची खूण चोरूक नाय. तेचा चेडू चोरतला?” आणि त्यांनी डोक्याला मुंडासं गुंडाळलं. याचा अर्थ विषय संपला.

मी आत जाऊन यंत्राला आज्ञा लिहिली, अशी की पडद्यावर फक्त ती एकच ओळ यावी. एंटरचं बटण ठेवलं सुलभासाठी. “एंटर दाब, वाच, पाठ कर आणि मगे ह्या दुसरा बटण दाब, म्हणजे पुसान जायत,” असं सांगून मी बाहेर आले. अंगणात खोलीच्या खिडकीपाशी उभी राहिले, आणि तिथे माझी परीक्षा होती. खिडकीच्या उघड्या झडपेच्या काचेत पडदा स्पष्ट दिसत होता. मान जरा वळवायची बाकी. समोर टोपलीत बांधलेल्या कोंबड्या होत्या. मी कोंबड्यांकडे बघत राहिले. कोंबड्यांकडे इतक्या निष्ठेनं मी आयुष्यात कधी बघितलं नाही.

 आतून सुलभा हसली. मोठ्यानं, बाजारातलं हसू. हसता हसता तिचा आवाज फाटला आणि ती रडायला लागली. दाजी घाबरून आत धावत होते, त्यांना मी हाताला धरून थांबवलं.

ती बाहेर आली ती थेट टेम्पोकडे. बाबूंना तोवर चढवून गादीवर बसवलं होतं. तिनं टेम्पोच्या कडेवर पाय दिला, बापाच्या कानाशी तोंड नेलं आणि हळूच काहीतरी सांगितलं.  बाबूंचा अर्धा चेहरा हसला. नुसता हसला नाही, उजळला. आणि त्यांनी चांगला डावा हात उचलून सुलभाच्या तोंडावर ठेवला, घट्ट. ‘बोलू नको, कोणी ऐकेल.’ इतकं स्पष्ट त्यांनी वर्षभरात काही सांगितलं नव्हतं.

अंगणातले सगळे तांडेल दुसरीकडे बघत होते. काहींचे डोळे पाणावले होते, माझे तर वाहतच होते.

“इसारशीत तर नाय गो?” दाजींनी विचारलंच.

“ह्या मी मेलंय तरी इसरूचंय नाय,” सुलभा म्हणाली.

नगारा वाजायला लागला. दाजींनी यंत्र बंद केलं. त्याचा पंखा गरगरत थांबला. मूठ मिटली होती. आता किल्ली एका न बोलणाऱ्या म्हाताऱ्याकडे आणि एका बाईच्या आठवणीत. आमच्या धंद्यात याला वेडेपणा म्हणतात. मी नवशिक्यांना यासाठी वर्गाबाहेर काढलं असतं.

गाव परतलं त्या दिवशी मी पुन्हा गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण घरी बसवेना. दाजींनी यंत्र सुरू केलं. सुलभा पुढे बसली, आणि आम्ही सगळे, तांडेल, दाजी, मी, अंगणात बाबूंच्या खुर्चीशेजारी, यंत्राकडे पाठ करून ओळीनं उभे राहिलो. आतून एका बोटाची टकटक येत होती. मध्येच थांबायची, परत सुरू व्हायची.  आणि मग तिच्या मोबाइलमधून बाबू तांडेलांचा आवाज आला. खणखणीत, झटक्याच्या आधीचा. ‘आयक रे झीला,’ अशी मुलाला हाक मारून सुरुवात होती.

सावळो तांडेल ताबडतोब चालायला लागले. त्यांच्यामागून बाकीचे, कोणी विहिरीकडे, कोणी रस्त्याकडे. बाबूंची खूण त्यांच्या कानावर पडता कामा नये. कोणी कोणाला काही सांगितलं नाही, अंगण आपोआप रिकामं झालं. खुर्चीत एकटे बाबू राहिले, स्वतःचा आवाज ऐकत, दर वाक्याला ‘चल’ म्हणत. मीही रस्त्यावर आले.

नंतर मी दाजींना म्हटलं, आता तरी किल्ली एखाद्या फाइलीत कुलूप घालून ठेवूया, मी ठेवून देते. दाजींनी तांडेलांना विचारलं, तांडेलांनी नको म्हणून सांगितलं. सुलभा आहे ना, म्हणाले. धंद्याच्या दृष्टीनं हे चूक आहे. सुलभाला ताप जरी आला तरी माझी झोप उडते. पण किल्ली त्यांची, आणि दार त्यांचं.

संध्याकाळी सुलभा मला एस.टी.च्या थांब्यापर्यंत सोडायला आली. मासळी विकून थेट आली होती, टोपली तशीच डोक्यावर. गाडी वळणावर दिसायला लागली आणि मला राहवेना. मी इतकं निभावलं होतं, कोंबड्यांकडे बघितलं होतं, पाठ करून उभी राहिले होते. आता कामही झालं होतं. मी जवळ जाऊन म्हटलं, “सुलभा, फक्त माका सांग गो. काय होतो तो शब्द?”

सुलभानं टोपली एका हातानं सावरली, दुसरा हात उचलला आणि माझ्या तोंडावर ठेवला, घट्ट, बापानं तिच्या ठेवला होता तसाच. हाताला बांगड्याचा वास येत होता.